दगडावरचे आकाश

बंगळूर शहराचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे विमानांचे कारखाने, संगणकाच्या कचेऱ्या, अवकाशयानांची आखणी करणाऱ्या संस्था उभ्या राहतात. हे शहर उद्याकडे तोंड करून बसले आहे, अशी आपली समजूत असते. जुन्या देवळाच्या आवारात पडलेला, अर्धा मातीत रुतलेला कोरीव दगड आणि हे शहर यांचा काही संबंध असेल, असे सहसा मनात येत नाही. विज्ञान पुढे पाहते आणि पुरातन वस्तूंचे जतन करणारा मागे पाहतो, तेव्हा या दोघांची गाठ पडावी तरी कोठे, असेच आपण धरून चालतो. आज मला ज्या एका शास्त्रज्ञ बाईंविषयी बोलावयाचे आहे, त्यांच्या कामात मात्र ही गाठ इतक्या सहजपणे पडलेली आहे की, ही दोन कामे मुळात वेगळी होती का, असाच प्रश्न आपल्याला पडावा. त्यांचे नाव डॉ. बी. एस. शैलजा. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू तारांगणाच्या त्या माजी संचालक होत.

शैलजाबाईंनी आपल्या संशोधनाचा आरंभ दूरच्या ताऱ्यांपासून केला. भारतीय खगोलभौतिकी संस्थेत असताना त्यांचा अभ्यासविषय होता वुल्फ-राये नावाने ओळखले जाणारे तारे. हे तारे अतिशय तप्त असतात आणि आपल्या पृष्ठभागावरील वायू प्रचंड वेगाने अवकाशात फेकीत असतात. अशा ताऱ्यांचा प्रकाश वर्णपटात उलगडून वाचणे हे एकांताचे आणि चिकाटीचे काम आहे. तेथून त्या तारांगणात आल्या, म्हणजे एकांतातून गर्दीत आल्या. हे तारांगण १९८९ साली उघडले आणि १९९२ पासून त्याचा कारभार विज्ञानशिक्षणासाठी स्थापन झालेली एक संस्था पाहते. शाळांतील मुलांना आकाश दाखवावे, होतकरू विद्यार्थ्यांना विज्ञानाची गोडी लावावी, सामान्य नागरिकाच्या शंकांना उत्तरे द्यावीत, हा तेथील नित्यक्रम. शैलजाबाईंनी हे काम केले, आणि त्याच्या जोडीला कन्नड भाषेत विपुल लेखनही केले.

या शहरात अशा कामाची एक परंपरा आहे, हेही सांगितले पाहिजे. सर चंद्रशेखर वेंकट रामन १९४८ साली भारतीय विज्ञान संस्थेतून निवृत्त झाले आणि त्यांनी स्वतःची संशोधनसंस्था उभारली. रामन यांना सामान्य माणसाशी विज्ञानावर बोलण्याची मनापासून हौस होती. आकाशवाणीवरून त्यांनी दिलेली भाषणे पुढे पुस्तकरूपानेही निघाली. पदार्थविज्ञानाचे अध्यापक एच. नरसिंहय्या यांनी १९६२ साली नॅशनल कॉलेजात बंगळूर सायन्स फोरम स्थापन केला आणि विज्ञानावरील व्याख्यान ही शहराच्या नेहमीच्या जीवनातली गोष्ट करून सोडली. शैलजाबाई याच वाटेने चालल्या. त्यांचे वेगळेपण असे की, चालता चालता त्यांची नजर वाटेवरच्या दगडांकडेही गेली.

दक्षिणेत आणि आपल्या महाराष्ट्रातही कोरीव लेखांची संपत्ती अमाप आहे. लुईस राईस या विद्वान अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून म्हैसूर संस्थानातील शिलालेख गोळा करून त्यांचे बारा खंड प्रसिद्ध केले, आणि त्यांत हजारो लेख आले. हे लेख कशाचे? बहुतेक दानाचे. कोणी देवाला जमीन दिली, कोणी तळे बांधले, कोणी धारातीर्थी पडला म्हणून त्याच्या कुटुंबाला वतन मिळाले. आम्हा सरकारी कामकाजातील माणसांना हे लेख परके वाटत नाहीत. आजच्या खरेदीखतात जे असते तेच त्यांत आहे : देणारा कोण, घेणारा कोण, चतुःसीमा कोणत्या, साक्षीदार कोण, आणि करार मोडणाऱ्यास शिक्षा काय. शिक्षा तेवढी अधिक कडक, कारण ती बहुधा नरकवासाची असते.

मराठी माणसाला यातला एक लेख विशेष जवळचा वाटेल. १६३८ साली बंगळूर आदिलशाही फौजेने घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांचे पुत्र एकोजीराजे यांनी १६६९ साली काडु मल्लेश्वर देवस्थानाला एक गाव इनाम दिल्याचा लेख तेथील खडकावर आहे. 'काडु' म्हणजे रान. त्या रानातल्या देवाच्या नावावरून, १८९८ च्या प्लेगनंतर वसवलेल्या वस्तीला मल्लेश्वरम् हे नाव पडले. आज त्या रस्त्यांवरून जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना या दानाची माहिती असेल. पण दगडाने ती साडेतीनशे वर्षे सांभाळली आहे.

अशा प्रत्येक लेखात एक ओळ अशी असते की, इतिहासाचा अभ्यासक ती वाचतो, त्यातून साल काढून घेतो आणि पुढे जातो. ती ओळ म्हणजे कालनिर्देशाची ओळ. शक, संवत्सर, महिना, पक्ष, तिथी, वार, आणि पुष्कळदा त्यापुढे सूर्यग्रहण, चंद्रग्रहण, संक्रांत किंवा व्यतीपात यांचा उल्लेख. पर्वकाळी केलेल्या दानाचे पुण्य अधिक, ही श्रद्धा. त्यामुळे राजे आणि सरदार ग्रहणाची संधी साधून दाने देत, आणि लेखनिक ते ग्रहण इमानाने नोंदवून ठेवी. त्या लेखनिकाच्या मनात खगोलशास्त्र नव्हते. त्याला फक्त दस्तऐवजाची तारीख पक्की करावयाची होती. शैलजाबाईंनी नेमकी ही ओळ उचलली. गीता कैडाल गणेश यांच्या सहकार्याने त्यांनी शिलालेखांच्या प्रसिद्ध संग्रहांतून आकाशातील घटनांचे उल्लेख वेचून काढले, ते गणिताने ताडून पाहिले आणि २०१६ साली इंग्रजीत एक पुस्तक प्रसिद्ध केले. 'दगडांवरील आकाशाचा इतिहास' अशा अर्थाचे त्याचे नाव आहे.

या उद्योगाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. ग्रहणाचे गणित आज मागच्या दोन-तीन हजार वर्षांचेही करता येते, मग दगडाला विचारावयाचे काय राहिले? याचे उत्तर मोठे मनोरंजक आहे. पृथ्वीचा स्वतःभोवती फिरण्याचा वेग स्थिर नाही. समुद्राच्या भरतीओहोटीच्या घर्षणाने तो अतिशय सावकाश कमी होत आहे. शंभर वर्षांत दिवसाची लांबी वाढते ती एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दुपटीहून थोडी कमीच. ही वाढ नगण्य वाटते खरी, पण ती रोज साठत जाते. हजार वर्षांपूर्वीच्या ग्रहणापर्यंत मागे गेले की हिशेबात सुमारे पंचवीस मिनिटांचा फरक पडतो. एवढ्या वेळात पृथ्वी सहा अंशांहून अधिक फिरते, आणि खग्रास ग्रहणाचा पट्टा आपल्या अक्षांशावर सहाशे-सातशे किलोमीटर सरकतो. म्हणजे गणिताने जे ग्रहण समुद्रावर दिसावयास हवे होते, ते प्रत्यक्षात एखाद्या गावावर दिसलेले असते. या फरकाचे माप घ्यावयाचे तर जुन्या माणसांनी काय पाहिले हेच विचारावे लागते. दुसरा मार्ग नाही. बाबिलोनच्या मातीच्या विटा, चीनच्या दरबारी नोंदी, अरबांचे वेध यांच्या आधारे इंग्लंडमधील स्टीफन्सन या शास्त्रज्ञाने हे काम आयुष्यभर केले. आपल्या दख्खनच्या दगडांनाही या साक्षीदारांच्या रांगेत उभे राहण्याचा अधिकार आहे की नाही, हे तपासूनच ठरवावे लागेल.

तपासून, हा शब्द मी मुद्दाम वापरला. लेखात ग्रहण लिहिले आहे म्हणजे ते त्या गावी दिसलेच, असे नव्हे. कधी पंचांगातील गणितावरून ते आधीच लिहिलेले असते. कधी दान ग्रहणाच्या दिवशी दिलेले आणि दगड पुष्कळ नंतर कोरलेला असतो. कधी तिथी आणि वार यांचा मेळ बसत नाही. काही दानलेख तर चक्क बनावट असतात, आणि ग्रहणाचे गणित त्यांची लबाडी उघडी पाडते. साक्षीदाराची उलटतपासणी केल्याशिवाय न्यायाधीश निकाल देत नाही. तीच शिस्त येथे लागते.

आपल्या महाराष्ट्राला ही शिस्त नवी नाही. कोकणातील मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे नाव येथे आदराने घेतले पाहिजे. पेशाने ते शिक्षक होते. शिलालेखांचे प्रसिद्ध अभ्यासक फ्लीट यांनी गुप्तकालीन लेखांचे काल निश्चित केले ते दीक्षितांच्या गणिताच्या आधाराने. १८९६ साली दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मराठी ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी सिवेल यांच्यासह केलेला भारतीय कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथही आला. पुढे दोनच वर्षांनी, वयाच्या पंचेचाळिशीच्या आत, ते वारले. आपल्या भाषेतून सामान्यांना ज्योतिर्गणित समजावून सांगणे आणि जुन्या लेखांची तारीख शोधणे ही दोन्ही कामे त्यांनी एकाच टेबलाशी बसून केली.

आणखी एक मराठी उदाहरण. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. त्या मठाला दान दिल्याचा शिलालेख १२०७ सालचा आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रकाशात आणला. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि दानाचा प्रसंग आहे श्रावणी पौर्णिमेचे चंद्रग्रहण. भास्कराचार्यांसारख्या थोर गणितज्ञाची परंपरा पुढे कशी चालविली गेली, याचा पुरावा हा एवढा एक दगड आहे. तो कोणी पायरीला लावला असता, तर आपल्या हाती केवळ दंतकथा उरली असती.

आता पुन्हा बंगळूरला येऊ. तेथे गवी गंगाधरेश्वर नावाचे गुहामंदिर आहे. मकरसंक्रांतीच्या दिवशी मावळतीकडचे सूर्यकिरण नंदीच्या शिंगांमधून आत शिरतात आणि पिंडीवर पडतात. हा सोहळा पाहण्यास मोठी गर्दी लोटते. शैलजाबाई आणि त्यांचे दोन सहकारी यांनी या घटनेचा अभ्यास करून २००८ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात निबंध लिहिला. त्यांनी श्रद्धेची थट्टा केली नाही, आणि चमत्काराचा जयजयकारही केला नाही. त्यांनी कोन मोजले. किरण वर्षातून एकदा नव्हे, दोनदा आत येतात, असे त्यांना आढळले : एकदा जानेवारीच्या मध्याला आणि एकदा नोव्हेंबरच्या अखेरीस. याचे कारण सोपे आहे. सूर्य दक्षिणेच्या टोकाला पोचतो तो २१ किंवा २२ डिसेंबरला. त्याच्या चोवीस दिवस आधी आणि चोवीस दिवस नंतर तो आकाशात एकाच उंचीवरून मार्ग काढतो. जातानाचा दिवस नोव्हेंबरात पडतो आणि परततानाचा संक्रांतीला. नोव्हेंबरात कोणी पाहावयास जात नाही, एवढेच.

ते तेथेच थांबले नाहीत. थॉमस आणि विल्यम डॅनिएल या चित्रकारांनी १७९२ च्या सुमारास या मंदिराची चित्रे काढली होती. त्या चित्रांशी आजची वास्तू ताडून पाहता, काही भिंती व बांधकामे मागाहून आली असे दिसले. मूळ रचना सूर्याच्या उत्तर व दक्षिण टोकांशी, म्हणजे अयनबिंदूंशी निगडित असावी, असा निष्कर्ष त्यांनी काढला. येथे चित्रकाराचे जुने चित्र हे शास्त्राचे साधन झाले. आणि ते चित्र जपले गेले नसते तर एका भिंतीने सारा पुरावाच झाकून टाकला असता. जुन्या वास्तूची डागडुजी करताना आपण किती सहज एखादी भिंत चढवतो, एखादा झरोका बुजवतो, फरशी बदलतो! हेतू चांगलाच असतो. पण बांधणाऱ्याने दगडात घालून ठेवलेले गणित त्यात पुसले जाते.

दगड, चित्र आणि कागद हे तिघे सोबती आहेत. मद्रास वेधशाळेत चिंतामणी रघुनाथाचार्य नावाचे साहाय्यक होते. १८६७ साली त्यांनी एका रूपविकारी ताऱ्याचा, म्हणजे ज्याचे तेज कमीअधिक होते अशा ताऱ्याचा, शोध लावला. १८७४ साली शुक्र सूर्यबिंबावरून जाणार होता. ही घटना आपल्या लोकांना कळावी म्हणून रघुनाथाचार्यांनी इंग्रजीबरोबरच देशी भाषांतूनही पुस्तिका काढली. ते १८८० साली वारले आणि लोक त्यांना विसरून गेले. ज्या संस्थेत शैलजाबाईंनी संशोधन केले, ती मद्रास वेधशाळेचीच वारसदार. त्या पुस्तिकेच्या कन्नड आवृत्तीचा अभ्यास त्यांनी केला, आणि २०१२ साली, शुक्र पुन्हा सूर्यबिंबावरून गेला त्या वर्षी, रघुनाथाचार्यांवर पुस्तक लिहिले. शुक्राचा असा योग आता २११७ साली येईल. त्या वेळच्या मुलांच्या हाती १८७४ ची पुस्तिका असेल, ती कोणीतरी मध्ये जपली म्हणून.

जतन अर्धवट झाले तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. विजयदुर्ग किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' दाखवतात, आणि १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी लॉकियर साहेबाने येथूनच सूर्यावरील हेलियमचा शोध लावला, असे सांगतात. ओटे जपले ही चांगलीच गोष्ट झाली. पण लॉकियर १८६८ साली इंग्लंडात होता. त्या ग्रहणाचे वेध फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन याने गुंटूरला आणि हर्शेल घराण्यातील एका लष्करी अधिकाऱ्याने जमखिंडीला घेतले. लॉकियर विजयदुर्गास आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. दगड जपला, पण त्याची तारीख जपली नाही, म्हणून तीस वर्षांचा घोटाळा झाला. खरी हकीकत काही कमी रोमहर्षक नाही. ज्याने हेलियमला नाव दिले तो संशोधक पुढे खरोखरच आपल्या कोकणात ग्रहण पाहावयास आला होता, एवढे सांगितले तरी मुलांचे डोळे चमकतील.

श्रोतेहो, आज या साऱ्या पुराव्यावर मोठे संकट आहे. शहरे वाढतात, तळी बुजतात, रस्ते रुंद होतात. त्यांत जुना दगड कोणाच्या गणतीत नसतो. तो पायात घातला जातो, कपडे धुण्यास घेतला जातो, शेंदराच्या आणि तैलरंगाच्या पुटांखाली जातो. बंगळूरचे नाव ज्या लेखात प्रथम आढळते, तो नवव्या शतकाच्या अखेरचा लेख बेगूरच्या देवळात आहे. २०१८ साली हेब्बाळ भागात त्याहूनही जुना, आठव्या शतकातील गंग राजांच्या वेळचा वीरगळ मिळाला. त्या शहरातील मिथिक सोसायटी या १९०९ साली स्थापन झालेल्या संस्थेने आता अशा लेखांची त्रिमितीय छायाचित्रे घेऊन ती जपण्याचे काम हाती घेतले आहे. झिजलेली अक्षरेही या पद्धतीने वाचता येतात. या कामात हौशी नागरिकांचा वाटा मोठा आहे. पण राईस यांनी ज्यांची नोंद केली असे कितीतरी दगड आता जागेवर नाहीत. प्रयोगशाळेतील प्रयोग फसला तर तो पुन्हा करता येतो. आठशे वर्षांपूर्वीचे ग्रहण पुन्हा पाहता येत नाही. ते पाहणाऱ्याची साक्ष गेली की ती कायमची गेली.

म्हणून शैलजाबाईंच्या कामातील दोन टोके मला एकाच सूत्राची वाटतात. तारांगणात आलेल्या मुलाला त्या सांगतात की, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः पाहा. बंगळूरमध्ये दरवर्षी २४ एप्रिल आणि १८ ऑगस्टच्या सुमारास मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. हा शून्यछाया दिन. ज्या मुलाने काठी रोवून तो पाहिला त्याला पृथ्वीच्या कललेल्या अक्षाचा पुरावा अंगणातच मिळाला. दगड जपण्यामागेही तीच विचारसरणी आहे. पुढच्या पिढीने आमच्या सांगण्यावर विसंबू नये, मूळ साक्षीदार तिला स्वतः तपासता यावा.

हे काम करण्यास शास्त्रज्ञच हवा असे नाही. आपल्या गावोगावी निवृत्त शिक्षक आहेत, अभियंते आहेत, तलाठी आणि कारकून आहेत. त्यांनी आयुष्यभर मोजले आहे, लिहिले आहे, नोंदी ठेवल्या आहेत. ही सवय निवृत्तीबरोबर संपत नाही. कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्यामुंबईकडे मेच्या मध्याला आणि नागपूरला अखेरच्या आठवड्यात सावली पायाखाली येते. त्या दिवशी गल्लीतील मुले गोळा करून एक काठी रोवावी. आणि गावच्या देवळापाशी एखादा अक्षरे असलेला दगड असेल तर त्याला रंग देऊ नये, खरडू नये, जागेवरून हलवू नये. त्याचे स्वच्छ छायाचित्र घ्यावे, तो कोठे आणि कोणत्या दिशेला तोंड करून आहे हे लिहून ठेवावे आणि पुरातत्त्व खात्याला किंवा जवळच्या महाविद्यालयातील जाणकाराला कळवावे. त्यावर काय लिहिले आहे हे आपल्याला वाचता आले नाही तरी चालेल. वाचणारा पुढे येईल, आणि तो येईपर्यंत दगड तेथे असला पाहिजे.